कौल नको, गाऱ्हाणं घाल

वेंगुर्ले

प्रिय पोरी,
सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. वर्षभरात पवित्र शास्त्र, म्हणजे अख्खं बायबल, संपवायची ती मोबाईलवरची योजना, त्यात तू लेवीयाच्या, त्या विधीनियमांच्या पुस्तकात अडकलीस. रोजचे अध्याय उरकतेस, खूण करतेस, मनात काही हलत नाही. शिवाय खोलीतली मैत्रीण दर सकाळी सांगते, "आज देव माझ्याशी बोलला." तुझ्याशी बोलत नाही, म्हणजे आपलं त्याच्याशी नातंच नसेल, असं तू लिहिलंयस.

लेवीयात भले भले अडकतात गं. दहा वर्षांची असताना शब्बाथ शाळेत, आपल्या मंडळीच्या रविवारच्या धर्मवर्गात, तूच अकरावा अध्याय ऐकून उभी राहिली होतीस, "बाई, पंख आणि खवले नसलेलं खायचं नाही, मग तिसऱ्यांचं, त्या शिंपल्यांचं काय?" वर्ग हसला, आणि माझ्या घरी तेव्हा नेमक्या कुर्ल्या शिजत होत्या. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तेव्हा तुला खरंच काहीतरी विचारायचं होतं. आता तू १,१८९ अध्याय ३६५ दिवसांत बसवायला बघतेस. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक, आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. मत्तयाचा जेमतेम पाचवा अध्याय! १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मागे कुणाची योजना नव्हती.

मैत्रिणीला खोटं ठरवायला मी बसलेली नाही. फक्त माझी फजिती ऐक. तेविशीत मुंबईला नोकरी मिळत होती, जावं की नाही ठरेना. आपल्याकडे देवापुढे कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की होकार. शेजारच्यांकडून ते लहानपणापासून ऐकलेलं. मी ख्रिस्ती घरातली, देवळात जाणार नव्हते, पण केलं तेच. डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. उत्पत्तीचा बारावा अध्याय, आपला देश सोडून मी दाखवीन त्या देशात जा. झालं, ट्रंक भरली! आठ महिन्यांत परत आले, आईच्या शब्दांत सांगायचं तर निम्मी होऊन. त्या अध्यायातला अब्राम ७५ वर्षांचा होता आणि त्याला कुणीतरी बोलावलं होतं. मी बोलावणाऱ्याला काही विचारलंच नव्हतं, नुसतं पान उचललं होतं.

मैत्रिणीच्या स्टेटसवर यिर्मया २९:११ असणार, पैजेवर सांगते. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत. वचन खरं आहे. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना धाडलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात ७० वर्षं सांगितली आहेत. म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांची हाडं तिथेच राहणार. त्यांना काय सांगितलंय? घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. आजोबांनी लावलेल्या माडाचे नारळ खाणारी माणसं आपण, आपल्याला हे लगेच कळायला हवं. ज्याच्यावर जीव असतो त्याने दुसऱ्या कुणाला लिहिलेलं पत्र हाती आलं तरी आपण अधाशासारखं वाचतो, कारण त्यातूनही तो कळतो. शास्त्र पुष्कळसं असं वाचावं लागतं.

कौल नको म्हणते, पण गाऱ्हाणं जरूर घाल. आपल्या गावचं गाऱ्हाणं तू ऐकलंयस. आजारपण, कज्जे, परगावी गेलेली पोरं, सगळं देवापुढे मोठ्याने मांडायचं आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. स्तोत्रसंहिता मला तशी ऐकू येते. तेरावं स्तोत्र "किती वेळ?" असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं अंधारात संपतं, शेवटी समजूत घातलेली नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. आणखी एक बघ. माझ्या पिढीत वडिलांना अहोजाहो, आईला अगंतुगं. आणि प्रभूच्या प्रार्थनेत स्वर्गातल्या बापाला आपण "तुझे राज्य येवो" म्हणतो, आईचा 'तू' बापाला! इतकं जवळ घेतलेल्याला "आज काही कळलं नाही, कंटाळा आला" हे सांगायला कसली चोरी?

मागच्या आठवड्यात पहाटे समोर रापण लागली होती. मी बांधावर योहानाचा एकविसावा अध्याय घेऊन बसले होते (झोप येत नाही म्हणून, भक्ती समजू नकोस). दोन्ही दोरांना माणसं, वाळूत टाचा रुतवून मागे मागे जाणारी. जाळं वर आलं तर मासळी बेताचीच, मग एकेक मोजून वाटे घालणं सुरू झालं. आणि मला त्या अध्यायात प्रभूच्या शिष्यांच्या जाळ्यात आलेले १५३ मासे दिसले. जुन्या काळच्या ऑगस्टीन या धर्मपंडिताने त्यात १ ते १७ची बेरीज शोधली, करून बघ, बरोबर येते. मला वाटतं, रात्रभर रिकामी जाळी ओढलेली माणसं मासे मोजणारच.

त्याच अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. असाच विस्तव तीन अध्याय मागे आहे, जिथे शेकत उभं राहून पेत्र या शिष्याने, "तूही त्याच्या शिष्यांपैकी ना?" असं विचारल्यावर "मी नाही" म्हटलं. त्या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. मला हे एका पाळकांनी दाखवलं, तोवर अध्याय पाठ होता आणि हे दिसलं नव्हतं. पेत्राच्या नाकात तो धूर गेला असेल गं. प्रभूने आधी न्याहारी वाढली, मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला, असं स्वच्छ लिहिलंय. तुझं वाचन तुला कधीच बोचत नसेल, दर सकाळी तुझीच बाजू घेत असेल, तर समोर दुसरं कुणी आहे की आपण आपल्याशीच बोलतोय, एवढं तपासून बघ. मैत्रिणीलाही हे सांगायला हरकत नाही, पण चहा पाजून सांग.

योजना महिनाभर बाजूला ठेव. हा एकच अध्याय घे, आठवडाभर तोच, मोठ्याने. खूण करू नकोस. आणि रविवारी मंडळीत जा, एकटीच्या कानाला पुष्कळ भास होतात.

मे महिन्यात येशील तेव्हा तिसऱ्या आणून ठेवते. लेवीयाचा अकरावा आणि प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून बसू. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.

तुझी
शब्बाथ शाळेतली बाई