ऑनर्सची सीट सोडली तर मुलीचं नुकसान होईल का?

"मॅडम, पैशाकडे बघून आम्ही पोरीची संधी तर घालवत नाही ना?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. यंदा तो कळव्याच्या एका बाबांनी विचारला. त्यांच्या मुलीला आपण मीरा म्हणू. बारावी सायन्सला 88 टक्के आणि केमिस्ट्रीची मनापासून आवड. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ नववीत.

ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळत होता, फी वर्षाला दहा-बारा हजार. दुसरीकडे पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स होती. तिथे हॉस्टेल आणि मेस धरून वर्षाला साडेतीन लाख लागणार होते. वर्षाला 1 लाखाची शिष्यवृत्ती मिळणार, म्हणून घरच्यांनी चार वर्षांचा हिशेब 10 लाखांवर आणला होता. "कर्ज काढतो. उद्या तिने म्हणायला नको, बाबांनी हात आखडला," बाबा म्हणाले. मीरा गप्पच होती.

ऑनर्समध्ये नक्की काय मिळणार, असं मी विचारलं तेव्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. हे बहुतेक घरांत होतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माहितीपत्रकांत तो शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आतला तपशील नसतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑनर्स म्हणजे पदवीचं चौथं वर्ष, चार वर्षांचे मिळून किमान 160 क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजायचं एकक). तीन वर्षांवर थांबलात तर किमान 120 क्रेडिट्सची साधी पदवी. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतही हीच रचना आली आहे. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि त्या विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते, तीन वर्षांनंतर दोन वर्षांत. एम.एस्सी.पर्यंत जायचंच असेल तर दोन्ही वाटांनी पाचच वर्षं. मीराला एम.एस्सी. करायचीच होती. हे कळल्यावर तिच्या बाबांचा चेहरा जरा सैलावला.

मग शिष्यवृत्तीचं पत्र उघडलं. दर वर्षी साडेआठ सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, टिकला तरच पुढची शिष्यवृत्ती, असं दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं. म्हणजे 10 लाखांचे 13 लाख कधीही होऊ शकत होते. कर्जाचं गणित मी कागदावर मांडलं. व्याज 10 टक्के धरलं तर 10 लाखांना 10 वर्षं दरमहा सुमारे 13,200 रुपये, एकूण परतफेड पावणेसोळा लाखांच्या वर. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज वेगळंच. हा हप्ता सुरू होईल तेव्हा धाकट्याचं कॉलेज सुरू असेल. मुलीसाठी सगळं पणाला लावायची तयारी मी खूप बापांमध्ये पाहते, मला तिचा फार आदर वाटतो. पण त्या तयारीचं ओझं मुलगी रोज हॉस्टेलच्या खोलीत वाहते, एका विषयात गुण कमी पडले तरी घाबरते.

मीराला एकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला लॅबमध्ये जास्त वेळ हवाय." हा खरा मुद्दा होता. मी तिला दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायला सांगितले. आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती? पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणती उपकरणं स्वतः हाताळू देतात? मागच्या बॅचचे प्रोजेक्ट बघायला मिळतील का? विद्यापीठाकडून उत्तर म्हणून पुन्हा माहितीपत्रकच आलं. ठाण्याच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या विभागप्रमुख तिच्याशी अर्धा तास बोलल्या, प्रोजेक्टच्या फाइल्स दाखवल्या, एक महागडं उपकरण सध्या बंद आहे हेही सांगितलं.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम तिला ठाऊकच नव्हता. केमिस्ट्रीसाठी तो आहे, निवड अवघड असते, पण संशोधनाची खरी ओळख तिथे होते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला उतरून हार्बर लाइन धरली की मानखुर्द. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिपही आहे. या दारांवर कॉलेजची फी विचारत नाहीत.

सगळ्यांना मी हेच सांगते असं नाही. ऐरोलीच्या एका मुलाला दूरच्या विद्यापीठात जा, असं मी आग्रहाने म्हटलं होतं. त्याची फी पूर्ण माफ होती, अट फक्त उत्तीर्ण होण्याची होती आणि त्याला हवा तो विषय इथे आसपास नव्हता.

मीराने ठाण्याचं कॉलेज घेतलं. विद्यापीठात सीट राखायला 25 हजार भरलेले होते आणि ते बुडतील म्हणून आई अडून बसली होती. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, फी परताव्याचे नियम आहेत आणि किती रक्कम परत मिळते ते अर्जाच्या तारखेवर ठरतं, म्हणून त्यांनी त्याच दिवशी लेखी अर्ज दिला. बाबांनी बाजूला काढलेल्या पैशांतून दर वर्षी थोडी रक्कम एम.एस्सी.साठी ठेवायची असं ठरलं आहे. सहाव्या सत्राचे गुण हातात आले की चौथं वर्ष इथेच करायचं, दुसरीकडे जायचं की तिसऱ्या वर्षानंतर एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा, हे मीरा स्वतः ठरवणार आहे.