झिंगझिलाज, कडू भोपळा आणि डब्यावरचा ताशा

मागच्या अंकात जाता जाता मी बीबीसीच्या लहान मुलांच्या चॅनेलवरच्या, म्हणजे सीबीबीजवरच्या 'झिंगझिलाज'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. 2010 ते 2012 मधला कार्यक्रम. एका बेटावर झॅक, टँग, पँझी आणि ड्रम अशा चार माकडांचा बँड, दर भागात कोणीतरी खराखुरा वादक आपलं वाद्य घेऊन येतो आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं होतं, त्याला ते 'बिग झिंग' म्हणतात. मला वाटलं कोण वाचतंय, पण पत्रं आली की भरपूर! त्यातली काही घेतेय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला या झिंगझिलाजचे जुने तुकडे यूट्यूबवर सापडलेत आणि आता दिवसभर तेच. त्यातला स्टीलपॅन, म्हणजे काड्यांनी वाजवायचं ते पत्र्याचं वाद्य, बघितल्यापासून माझे सगळे स्टीलचे डबे हॉलमध्ये उलटे पडलेले असतात. सासूबाई म्हणतात नावातच झिंग आहे, पोरगं बिघडणार. त्यांचं म्हणणं याला सरळ तबल्याच्या क्लासला घाला, नवरा म्हणतो छोटा स्टीलपॅन ऑनलाइन मिळतो तो घेऊ, आणि मला एवढंच कळत नाहीये की नुसतं बघून मुलाला खरंच काही मिळतं का? — एक वैतागलेली आई

उत्तर : अगं आधी सासूबाईंना सांग, झिंग चढलीये ती डब्यांची आहे, काळजी नको.

मिळतं का, तर हो मिळतं. का मिळतं सांगते. लहान मुलांना वाद्यं दाखवायची म्हटलं की आपण तक्ता काढतो, हे व्हायोलिन, ही बासरी, म्हणा बघू. इथे तसं नाहीये. या माकडांच्या बँडला शेवटच्या गाण्याची घाई आहे, बेटावरचा एक कण्हणारा दगड, मोनिंग स्टोन, सारखा आठवण करून देतोय, आणि कुठेतरी काहीतरी अडलंय. मग जो पाहुणा येतो तो नुसता 'माहिती द्यायला' आलेला नसतो, त्याची गरज असते. मुलाच्या डोक्यात वाद्याचं नाव राहो न राहो, हात राहतात. त्या माणसाने काडी कशी धरली, कुठे मारली, आवाज निघाल्यावर तो स्वतःच कसा हसला. तुझा मुलगा डबे उलटे करतो ना, तेच त्याचं शिक्षण चालू आहे.

आणि खरं सांगू का, तो जे करतोय तो स्टीलपॅनचा इतिहासच आहे! त्रिनिदादमध्ये इंग्रज सरकारने 1880 च्या दशकात कार्निव्हलमधल्या कातडी ढोलांवर बंदी आणली, मग लोकांनी बांबू आपटले, मग बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, जे हाताला लागेल ते, आणि 1930-40 च्या दशकांत कोणाकोणाच्या लक्षात आलं की डबा एका ठिकाणी चेपला की तिथला सूर वेगळा लागतो. पुढे तेलाची पिंपं आली, पंचावन्न गॅलनची. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून ठोकून परातीसारखा खोलगट करतात, मग त्यात एकेका सुराचा भाग आखून ठोकतात, लहान भाग म्हणजे वरचा सूर, मोठा म्हणजे खालचा. 1951 साली त्यांचा वाद्यवृंद तुमच्या लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये येऊन वाजवून गेला तेव्हा लोकांना गंजक्या पिंपांतून हे कसं निघतंय तेच कळेना.

अजून एक गंमत सासूबाईंसाठी. त्याच त्रिनिदादमध्ये 1845 पासून भारतातून मजूर नेले, बहुतेक बिहार-युपीकडचे, आणि त्यांच्याबरोबर गेला तो 'टासा'. आजही तिथे लग्नात वाजतो. टासा म्हणजे आपला ताशाच की गं, गणपतीच्या मिरवणुकीतला! म्हणजे आजीने नातवाला ताशाचे बोल म्हणून दाखवले तरी विषय सोडल्यासारखं होणार नाही.

आता खरेदीचं. ऑनलाइन खेळण्यातला पॅन घेऊ नकोस, त्यातले बरेच बेसूर असतात आणि मुलाचा कान या वयात जे ऐकेल ते पकडतो. त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी नॉटिंग हिल कार्निव्हलला घेऊन जा, कानाला ते मोठे हेडफोनसारखे मफ लावून, आणि खरा स्टीलबँड जवळून दाखव. तबल्याचा क्लास सहा-सात वर्षांचा झाला की बघू. आत्ता घातलंस तर बोटं दुखतील आणि डबेही सुटतील, दोन्हीकडून नुकसान.

प्रश्न : माकडांचे मुखवटे घालून नाचणारी माणसं बघून मूल काय संगीत शिकणार? यापेक्षा रोज अर्धा तास शास्त्रीय संगीत ऐकवा की.

उत्तर : ऐकवा. पण तुम्ही स्वतः शेजारी बसून ऐका, नाहीतर मूल कार्टूनच लावणार.

प्रश्न : मी संगीतात एमए करतेय. मला या कार्यक्रमाबद्दल एक खटकतं. जगभरातली वाद्यं येतात खरी, पण शेवटच्या गाण्यात सगळं गिटार-कीबोर्ड-ड्रमसेटच्या चौकटीत बसवलं जातं. मग ही 'जगाची ओळख' म्हणायची का?

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंस. मलाही ते खुपतं. पंधरा भाज्या आणायच्या आणि सगळ्या एकाच रश्श्यात सोडायच्या, मग वांग्याची चव वांग्याला राहत नाही.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण गामेलानचं. इंडोनेशियातला हा काशाच्या घंटा-थाळ्यांचा संच, त्यात एक पाच सुरांची पद्धत आहे, स्लेंद्रो, आणि एक सात सुरांची, पेलोग. हे सूर पियानोवर सापडतच नाहीत. इतकंच काय, एका गावच्या संचातलं वाद्य उचलून दुसऱ्या गावच्या संचात ठेवलं तरी जुळत नाही, कारण प्रत्येक संच घडवतानाच एकमेकांशी जुळवतात. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकांपासून किंचित चढ-उतार ठेवतात, त्याने आवाज लहरतो, पाण्यावर ऊन थरथरावं तसा. आता याला कीबोर्ड लाव साथीला! जी गोष्ट ऐकायची तीच पुसली जाते.

आणि आपण हसण्यात काही अर्थ नाही, हाच वाद आपल्याकडे पेटीवरून झालाय. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियम बंद केली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, पट्ट्यांचे सूर ठरीव, आपल्या श्रुतींना, म्हणजे सुरांमधल्या बारीक फरकांना, मारक वगैरे म्हणून, आणि ती 1971 पर्यंत बाहेर होती. तेवढ्या काळात इकडे नाट्यसंगीत पेटी-ऑर्गनवर मजेत चालू होतं. म्हणजे चौकटीत बसवलं की सगळं मरतंच असंही नाही.

माझं मत विचारशील तर चार वर्षांच्या मुलासाठी ही तडजोड मला चालते, एका अटीवर. पाहुणा एकटा वाजवतो तो तुकडा आणि शेवटचं बँडचं गाणं यातला पहिला तुकडा परत लावायचा. दोनदा, तीनदा. शेवटचं गाणं मूल आपोआप म्हणतंच, त्याला तुझी गरज नाही.

प्रश्न : नमस्कार. मी मिरजेत राहतो, वय 71. नातू लेस्टरला असतो, रोज व्हिडिओ कॉल. या कार्यक्रमापासून त्याला वाद्यांचं वेड लागलंय, आता लायब्ररीतनं पुस्तक आणलंय त्यात 'कोरा' म्हणून आफ्रिकेतलं वाद्य आहे. मला विचारतो, "आबा, हे तुमच्या घरातल्या सतारीसारखं का दिसतं?" मी म्हटलं बघून सांगतो. आता तुम्हीच सांगा.

उत्तर : आबा, नातवाची नजर चांगली आहे हो! कारण एकच, भोपळा.

कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं, गांबिया, सेनेगल, माली, गिनी या पट्ट्यातलं. मोठा वाळका भोपळा अर्धा कापायचा, त्यावर गाईचं कातडं ताणायचं, मधून एक लांब दांडा घालायचा आणि 21 तारा दोन रांगांत, दहा एका हाताला आणि अकरा दुसऱ्या. वाजवणारा ते वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो आणि दोन अंगठे नि दोन तर्जन्या एवढ्याच बोटांनी वाजवतो. वाजवणारी घराणी असतात, जेली म्हणतात त्यांना, वंशावळी आणि राजांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या गाणारी. आपल्याकडचे भाट किंवा शाहीर आठवा, बरंचसं तसंच.

आणि तुमच्याकडे? तुम्ही मिरजेत राहता म्हणजे सतारमेकर गल्ली तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. तिथले कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणतात, तो वाळवून कापतात, पण वर कातडं नाही, लाकडाची तबली. हा मोठा फरक आणि आवाजात आकाशपाताळ! कोऱ्याचा आवाज कातड्यामुळे टपोरा नि लवकर विरणारा, सतारीचा जव्हारीमुळे, म्हणजे तारा टेकतात त्या रुंद घोडीच्या घडणीमुळे, लांबत जाणारा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय, हे नातवाला जरूर सांगा, लेस्टरच्या शाळेत सांगायला त्याला काहीतरी होईल.

एक करा. पुढच्या कॉलला गल्लीतनंच फोन लावा. कारागिराची परवानगी घेऊन एक रिकामा, तार न लावलेला भोपळा टिचकीने वाजवून दाखवा, मग त्याच्याच शेजारी पूर्ण झालेला तंबोरा छेडा. फोनवर आवाज बारीक येईल, हरकत नाही. हे त्याला कुठल्याच चॅनेलवर बघायला मिळणार नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. प्रोजेक्टर आहे पण नेट धड नाही. असं काही वर्गात करता येईल का, बिनखर्चाचं?

उत्तर : सर, बिनखर्चाचं म्हणू नका एवढीच विनंती, कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी असाच हट्ट करून एका हलगीवाल्या काकांना बोलावलं होतं. काकांनी आल्या आल्या आधी मैदानात चार काटक्या पेटवल्या आणि हलगी शेकायला घेतली. पोरं गोल करून बसली. थंड हलगीवर त्यांनी एक थाप मारली, भद्द. मग शेकवत फिरवत परत मारली, थोडी वर. परत शेकली, परत मारली. चौथ्या-पाचव्या वेळी जी कडाडली ना, पुढच्या रांगेतली एक पोरगी उठून मागे पळाली आणि मग हळूच परत येऊन अजून पुढे बसली. कातडं तापलं की ताणतं, ताणलं की सूर चढतो, हे मी एका शब्दाने सांगितलं नाही तरी पोरांना कळलं होतं. आणि कार्यक्रम संपल्यावर शाळेने काकांच्या हातात काय ठेवलं, तर नारळ आणि गुलाबाचं फूल! दिवसाची मजुरी बुडवून आले होते ते. मला आजही आठवलं की लाज वाटते. झिंगझिलाजमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे की आलेला वादक हा उस्ताद असतो, बँड त्याच्याकडून शिकतो, त्याला नमुना म्हणून उभं करत नाहीत.

तेव्हा सर, पंचक्रोशीत विचारा. गोंधळी असतील तर संबळ मागा, दोन ढोल एकत्र बांधलेले, दोन्हींचा आवाज वेगळा, एक काडी टोकाला वाकडी. सनईवाले असतील तर त्यांना गालात हवा धरून न थांबता सूर कसा लांबवतात ते दाखवायला सांगा आणि मगच ऑस्ट्रेलियातल्या डिजेरिडूचा व्हिडिओ लावा, घरून मोबाइलवर डाउनलोड करून आणलेला. वाळवीने आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड फुंकायचं ते वाद्य, आणि श्वासाची युक्ती तीच, नाकाने घेत राहायचं आणि गालातली हवा सोडत राहायची. पोरं लगेच करून बघतील, वर्गभर थुंकी उडेल, चालायचंच.

मानधनाचे पैसे आधी गोळा करून पाकिटात तयार ठेवा, पाचशे-हजार जे जमेल ते. आणि हलगी असेल तर जाळ करायचं मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, आमच्या वेळी शिपाईमामा पाण्याची बादली घेऊन धावत आले होते.