वाटी बाजूला ठेवा, वजनकाटा काढा

तुमची अडचण थोडक्यात अशी: बारा किलोची नसबंदी झालेली कुत्री, एक बोका आणि दोघांचा महिन्याचा खर्च हाताबाहेर चाललेला. तुम्ही विचारलंय की खाणं स्वस्तातलं आणू का, दरवर्षीच्या लसी टाळल्या तर चालतील का, आणि नखं-आंघोळ घरी जमेल का. तिसऱ्याचं उत्तर सरळ हो. पहिल्या दोन्हींना थोडं लांबण लावावं लागेल.

"सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी" असं तुम्ही लिहिलंय. ती वाटीच तुमचे पैसे खातेय. माझ्याकडेही कित्येक वर्षं वाटीच होती. एकदा सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, तर दोन वेळचं मिळून २६० ग्रॅम भरलं. माझ्या कुत्र्याला लागत होतं १९० च्या आसपास. वाटी भरणारे घरात तिघं आणि प्रत्येकाची शीग वेगळी! रोजचे सत्तर ग्रॅम म्हणजे महिन्याला दोन किलोहून जास्त खाणं. ते विकत आणायचं, त्याच्या कमरेवर चढवायचं आणि मग गुडघ्यांच्या औषधांना पैसे मोजायचे, असा आमचा उद्योग चालला होता.

हिशेब सोपा आहे. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, ३० ने गुणा, त्यात ७० मिळवा. तुमच्या कुत्रीसाठी ४३० आले. एवढ्या किलोकॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.४ ते १.६ ने गुणायचं, म्हणजे साधारण ६०० ते ६९०. तुमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिल्या असतील, तर दिवसाला १६५ ते १९० ग्रॅम झाले. हा आकडा म्हणजे सुरुवात. खरी परीक्षा हाताने करायची: बरगड्यांवरून बोटं फिरवली की न दाबता त्या मोजता आल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. दर दोन आठवड्यांनी बघा आणि पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे करा. ती आत्ताच जाड असेल, तर हिशेबात आजचं वजन धरू नका, किती असायला हवं ते डॉक्टरांना विचारून धरा.

"कमी घातलं तर उपाशी राहील" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यांना लॅब्रॅडॉरचा प्रयोग सांगा. ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं होतं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झालं.

आता स्वस्त पाकिटाबद्दल. किलोचा भाव बघू नका, दिवसाचा बघा. स्वस्तातल्या खाण्यात कॅलरी कमी असतील, तर ग्रॅम जास्त लागतात आणि शीही जास्त होते. दोन्ही पाकिटांचा दिवसाचा खर्च काढलात, तर कधीकधी फरक नावापुरता उरतो. खराच उरत असेल, तर खुशाल बदला. पाकिटावर "संपूर्ण व संतुलित आहार" आणि तुमच्या प्राण्याचा वयोगट असला की पुरे, "प्रीमियम" या शब्दाला पोषणाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. बदल मात्र सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं वाढवत नेऊन करा. एकदम बदलून जुलाब लागले, तर वाचवलेलं तिथेच जातं. मोठं पोतं स्वस्त पडतं हेही खरं, पण उघडल्यावर साधारण सहा आठवड्यांत संपणार असेल तरच घ्या. त्यापुढे त्यातली चरबी खवट व्हायला लागते.

खाऊचं म्हणाल, तर दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंतच. मी तर रोजच्या मोजलेल्या खाण्यातलं मूठभर सकाळीच डब्यात काढून ठेवते, तेच दिवसभर बक्षीस म्हणून देते. कुत्र्याला विकतचं बिस्कीट आणि हे यातला फरक कळतो, पण तो तक्रार करत नाही.

बोक्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. कुत्रीचं खाणं त्याच्यापुढे सरकवून बचत करू नका, मांजराला आहारातून टॉरिन हे पोषकद्रव्य लागतंच, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. आणि तो जाड असला, तरी उपाशी ठेवून बारीक करू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस खायचं थांबलं, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

लसींचं असं आहे की तुमची शंका अर्धी बरोबर आहे. पिल्लूपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल, तर डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस यांची लस प्रौढ कुत्र्याला तीन वर्षांच्या आत परत द्यायची गरज नसते. पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पण लेप्टोची लस दरवर्षी लागते, आणि रेबीजचं तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे व लसीच्या लेबलाप्रमाणे. तेव्हा लस टाळण्याऐवजी लसीची वही घेऊन जा आणि विचारा, "यातलं या वर्षी खरंच काय देय आहे?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत. कोर्सच अर्धवट सोडणं मात्र महागात पडतं. पार्व्हो झालेल्या कुत्र्याचे दवाखान्यातले पाच-सहा दिवस म्हणजे आयुष्यभराच्या लसींहून मोठं बिल.

औषधात हात आखडता घेऊन मी स्वतः तोंडघशी पडले आहे. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं मोठ्या मापाचं औषध आणलं होतं. उरलेले चार थेंब मांजराला टाकले, कशाला वेगळं आणायचं म्हणून. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. संध्याकाळी तिचे कान फडफडायला लागले, रात्री झटके. दोन रात्री दवाखान्यात काढून ती वाचली. त्या बिलात दोघांचं तीन वर्षांचं पिसवांचं औषध आलं असतं. घरातली माणसांची औषधंही अशीच: पॅरासिटामॉल मांजराला मारतं, आयबुप्रोफेन कुत्र्याला. पिसवांचा पैसा वाचवायचा, तर झाडू आणि गरम पाणी वापरा. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, बाकीचा कुटुंबकबिला अंडी-अळ्यांच्या रूपात गादीत आणि फटींत असतो. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुतलं, तर औषध पुन्हापुन्हा वाया जात नाही.

घरी करायची कामं: नखं, विंचरणं, दात. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी अगदी टोकाशी कापा. काळ्या नखात जिवंत भाग दिसत नाही, म्हणून एकदम न कापता कापट्या काढत जा, मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. पहिल्या दिवशी एकच पंजा झाला, तरी चालेल. आंघोळ मळली किंवा वास आला तरच, पण कुत्र्यांच्याच शांपूने. दातांना ब्रश रोज, प्राण्यांच्या टूथपेस्टने. माणसांची नको, ती गिळली जाते आणि काहींत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, जे कुत्र्यांना विष आहे. भूल देऊन दात साफ करून घ्यायची वेळ जितकी लांबेल, तितकं बरं.

खेळणी विकत आणू नका. बोक्याला रिकामं खोकं, कुत्रीला जुन्या टॉवेलची गाठ. दोरा आणि रिबीन मात्र बोक्यापासून दूर, गिळलं तर आतडं कापतं.

एक राहिलं. तुमचा बोका लघवीला बसून जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं कधी दिसलं, तर "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका, तासातासाला धोका वाढतो, लगेच दवाखाना गाठा. त्याला पाणी जास्त जावं म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी रुंद भांडी ठेवा, खाण्याच्या भांड्यापासून लांब. आणि आज रात्रीचं खाणं घालायच्या आधी ती वाटी काट्यावर ठेवून किती भरली ते कळवा, पुढचा हिशेब मिळून करू.