'कडक' बीअर म्हणावं का? ट्रॅपिस्ट एलच्या चवीसाठी मराठी शब्द

बेल्जियममध्ये राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'रोशफोर १०' ही इथल्या एका मठातली बीअर चाखून मी तिच्यावर मराठीत टिपण लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत 'कडक मठातली दारू' असं लिहिलं, पुढे बाटलीच्या तळाच्या यीस्टला 'कचरा' म्हटलं, पण ते कानाला बरं लागेना. 'स्ट्राँग ट्रॅपिस्ट एल'ला काय म्हणावं? 'जहाल', 'उग्र' चालेल का? आणि तो १० चा आकडा टक्क्यांचा आहे का?

ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती संन्याशांचा एक संप्रदाय आणि एल हा बीअरचाच एक प्रकार. आकड्याचं आधी उरकू. टक्के नव्हेत. रोशफोरच्या ६, ८ आणि १० या तीन बीअरमध्ये मद्यार्क अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३ टक्के असतो. नावातले ६, ८, १० हे आकडे जुन्या बेल्जियन मोजमापातून आले आहेत. आंबवण्यापूर्वी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, काढ्यात साखर किती विरघळलेली आहे, हे त्या अंशांत मोजत. वेस्टव्लेटरेन या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठाच्या '१२' मध्ये तर मद्यार्क १०.२ टक्के, म्हणजे 'दहा'पेक्षा 'बारा' सौम्य. दुब्बेल, ट्रिपेल या बीअरच्या प्रकारांच्या नावांचीही दुप्पट-तिप्पट अशी फोड करू नका. वेस्टमाले मठाची दुब्बेल ७ टक्क्यांची, ट्रिपेल ९.५ ची. शिवाय दुब्बेल गडद तपकिरी आणि ट्रिपेल सोनेरी, त्यामुळे गडद तेवढी जोरदार हा हिशेबही तिथे लागत नाही.

आता 'कडक'. हा शब्द मला मनापासून आवडतो, पण इथे तो चुकीच्या जागी पडतो. कडक चहा, कडक तंबाखू, हातभट्टीची कडक: या सगळ्यांत पहिल्याच घोटाला किंवा झुरक्याला बसणारा दणका आहे. कडकपणा जिभेवर, घशात लगेच कळतो. रोशफोर १० चं नेमकं उलटं आहे.

ती रुंद तोंडाच्या, देठाच्या पेल्यात ओतली की वर फिक्या बदामी रंगाचा फेस धरतो. खालचा रंग जवळजवळ काळा; पेला उजेडाकडे धरला तरच कडेला तांबूस झाक दिसते. नाक जवळ नेलं की काळ्या मनुका, सुकं अंजीर, थोडी लवंग आणि साखर करपायच्या बेतात असताना येतो तो वास. यातलं एकही फळ तिच्यात घातलेलं नसतं. फळांचे वास बरेचसे यीस्ट तयार करतं, लवंगेसारखा मसालेदारपणाही त्याचाच. करपलेल्या साखरेची छटा गडद माल्ट आणि गडद साखरेतून येते. (या साखरेचं नाव 'कँडी शुगर' म्हणून तिला 'खडीसाखर' म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. बेल्जियन ब्रुअर बहुधा बिटाच्या साखरेचा गडद पाक वापरतात.)

पहिला घोट गोड लागतो. मग बारीक बुडबुडे जीभ टोचतात, गोडी मागे सरते आणि शेवट अपेक्षेपेक्षा कितीतरी कोरडा होतो, कडेला किंचित कडवटपणा ठेवून. घातलेली साखर यीस्टने जवळजवळ सगळी फस्त केलेली असते, म्हणून इतकी दाट चव असूनही ती चिकट लागत नाही. मद्यार्क कळतो तो त्यानंतर, छातीत पसरणाऱ्या उबेतून. जीभ त्याची वर्दी देतच नाही.

म्हणून मी चवीला 'भरदार' म्हणेन आणि नशेसाठी 'अंमल' हा आपला जुना, नेमका शब्द वापरेन. आवाज भरदार असतो, शरीर भरदार असतं; तो भरीवपणा या बीअरमध्ये आहे. 'जहाल'मध्ये जाळणं आहे आणि 'उग्र' म्हटलं की मराठी माणसाला दर्प आठवतो. दोन्ही नकोत. 'स्ट्राँग' तसाच ठेवायलाही माझा विरोध आहे. परमिट रूममध्ये 'स्ट्राँग' म्हणजे बर्फासारखी गार, आठेक टक्क्यांपर्यंतची लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची बीअर. ही एल बारा-चौदा अंश सेल्सिअसवर, सावकाश प्यायची. वाचक पहिल्या ओळीतच भलतीकडे जाईल.

राहिलं 'मठातली दारू'. 'दारू' इथे फार ढोबळ आहे, 'बीअर' किंवा 'एल'च म्हणा. 'मठ' हा शब्द ख्रिस्ती मठासाठी चपखल बसतो, तरीही 'ट्रॅपिस्ट'च्या जागी तो घालू नका. ट्रॅपिस्ट हे नाव नॉर्मंडीतल्या ला ट्रॅप मठावरून, तिथे १६६४ मध्ये सुरू झालेल्या कडक शिस्तीच्या सुधारणेवरून आलं. (इथे 'कडक' शोभतो.) आज ते नाव सांभाळलं जातं. १९९७ मध्ये मठांनी संघटना स्थापली आणि तिचं षट्कोनी चिन्ह मिळवायला अटी घातल्या: बीअर मठाच्या आवारात किंवा लगत तयार व्हावी, देखरेख मठवासींची असावी, उत्पन्न मठाच्या गुजराणीला आणि सेवाकार्याला जावं. आखेलच्या मठात कोणी संन्यासी राहिले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या बीअरचं हे चिन्ह गेलं. बेल्जियममधल्या वाटू गावच्या सेंट बर्नार्डस या बीअर कारखान्याने १९४६ ते १९९२ परवान्यावर वेस्टव्लेटरेनची बीअर बनवली; आज त्या कारखान्याची स्वतःची 'आब्त १२' त्याच घराण्यातली लागते, पण ती ट्रॅपिस्ट नाही. उलट ऑर्वाल मठाची बीअर अस्सल ट्रॅपिस्ट आहे आणि ती ६.२ टक्क्यांची, कोरडी, कडवट. तेव्हा 'ट्रॅपिस्ट चव' असं कृपा करून लिहू नका. त्या शब्दातून बीअर कुठली आणि कोणाची ते कळतं, चव कळत नाही.

आणि मठवासी रोज हीच पितात असाही समज 'मठातली'मुळे होतो. वेस्टमालेत त्यांच्या जेवणासाठी ४.८ टक्क्यांची 'एक्स्ट्रा' वेगळी काढत आले आहेत.

बाटलीच्या तळाच्या यीस्टला तुम्ही 'कचरा' म्हटलं आहे, तेवढं बदला. 'साका' म्हणा. बीअर बाटलीत पुन्हा आंबते म्हणून तो बसतो.

एकूण तुमची सुरुवात मी अशी करीन: 'रोशफोर १० ही भरदार ट्रॅपिस्ट एल. मद्यार्क ११.३ टक्के. वास काळ्या मनुका आणि अंजिराचा, चव गोडीने सुरू होऊन कोरडी संपणारी, अंमल उशिरा.'