‘साजण’मधला ण पुसू नका

विचारणा अशी: ‘साजण’ हा मराठी शब्द की हिंदी ‘साजन’चं मराठीकरण? आणि आजच्या कवितेत तो चालेल का?

मराठीच. लग्नपत्रिकांत, रीलखालच्या ओळींत सर्रास ‘साजन’ दिसतो. कुणी ‘साजण’ लिहिलं तर ते खोडून ‘साजन’ करणारेही भेटतात. चीड येते. पाणी, राणी लिहिताना यांचा हात अडखळत नाही, मग इथेच का?

मूळ शब्द संस्कृत ‘सज्जन’, सत् अधिक जन. प्राकृतात त्याचा ‘सज्जण’ झाला. मराठीने जोडाक्षर सोडवलं आणि आधीचा स्वर लांबवला: अज्जचं आज, हत्थचा हात, कम्मचं काम, तसा सज्जणचा साजण. पंजाबीत अजूनही अज्ज, हत्थ, कम्म आणि सज्जणच आहे, आणि तिथेही सज्जण म्हणजे जिवलग! दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘सज्जन’ला जीभ टाळूला लागते, ‘साजण’चा ज ‘आज’मधल्या ज-सारखा दातांमागून येतो. पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात झिजलेल्या शब्दाची ही खूण.

‘साजणे’ला ण लावून ‘साजण’, म्हणजे शोभणारा, असं काही जाणकार सांगतात. मला ते साफ अमान्य. क्रियापदाला असा ण लावून मराठीत दळण होतं, कांडण होतं, झाकण होतं. माणूस होत नाही.

पण भला माणूस प्रियकर कसा झाला? माझ्या मते लग्नाच्या मांडवात. गुजरातीत वरातीतल्या मानाच्या मंडळींना साजन-माजन म्हणतात, राजस्थानात वरपक्षाला दिलेल्या जेवणाला सज्जन-गोठ. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपल्याकडे बाई त्याला धनी, कारभारी, मालक म्हणते. तसाच हा ‘भला माणूस’. आधी आदराचा शब्द, मग लाडाचा. ढोला-मारू या राजस्थानी प्रेमकथेच्या दोह्यांत नायिका मारवणी, म्हणजे मारू, ज्याच्यासाठी झुरते तो साजण काही चोरटा प्रियकर नव्हे. बालपणी लग्न लागलेला तो तिचा नवराच आहे.

आणि ‘साजणी’ म्हणजे फक्त प्रेयसी, हेही डोक्यातून काढा. विरहिणी ‘सखे साजणी’ म्हणते तेव्हा ती मैत्रिणीपाशी मन मोकळं करत असते. ‘सये’ही तिच्याचसाठी: सखीची प्राकृतात सही, सहीची मराठीत सई.