विस्मरणावर ब्राह्मी आणि जिंकगो : त्याआधी काय पाहावे?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून ते ओळखीच्यांची नावे विसरतात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात आणि मागच्या महिन्यात दादरला गाडी बदलताना फलाटावर गोंधळून उभे राहिले. ते शाकाहारी आहेत, मधुमेहासाठी बारा वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि अँजिओप्लास्टीनंतर अॅस्पिरिनही चालू आहे. टीव्हीचा आवाजही हल्ली फार मोठा लावतात. नातेवाइकांनी ब्राह्मी, अश्वगंधा आणि जिंकगो एकत्र असलेल्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. नैसर्गिक असल्यामुळे त्या द्यायला हरकत नसावी ना? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ती बाटली तूर्त बाजूला ठेवा आणि वडिलांच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते, शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच थोडेफार मिळते, वाढत्या वयात त्याचे शोषण कमी होते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते आणखी घटते. ही सारी कारणे तुमच्या वडिलांच्या बाबतीत एकत्र आली आहेत. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे विस्मरण आणि गोंधळ होऊ शकतो, आणि ती वेळीच भरून काढली तर सुधारणेची शक्यता असते. त्यासोबत थायरॉईडची तपासणीही करावी. अहवाल येण्यापूर्वी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र सुरू करू नका, कारण त्यांनी रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

आता कॅप्सूलविषयी. जिंकगो म्हणजे एका चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क; त्याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ व्यक्तींपैकी निम्म्यांना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी सुमारे सहा वर्षे देण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जिंकगोमुळे कमी झालेले आढळले नाही. उलट रक्त पातळ करणाऱ्या अॅस्पिरिनसोबत ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून तुमच्या वडिलांना ते देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राह्मीबद्दल मी इतक्या ठामपणे नकार देणार नाही. साधारण बारा आठवड्यांच्या काही छोट्या चाचण्यांत आठवण्याच्या क्षमतेत थोडी सुधारणा दिसली आहे, पण त्यांतील बहुतेक माणसे निरोगी होती, त्यामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय बाजारात ब्राह्मी या एकाच नावाने जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशा दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि चरकसंहितेतील चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत मंडूकपर्णीचे नाव आहे. तेव्हा डबीत नेमके काय आहे, हे जाणकार वैद्यांकडून पारखून घेणे आवश्यक आहे. अश्वगंधेने रक्तातील साखर उतरू शकते, थायरॉईडच्या संप्रेरकांत बदल होऊ शकतो आणि क्वचित यकृतालाही इजा झाल्याची नोंद आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून राहू नका, असे मी आग्रहाने सांगतो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतच गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताच्या दुखापतीची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, कारण ती वनस्पती गुळवेलच होती का, याची खातरजमा झालेली नव्हती. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ही अनिश्चितताच चिंतेची आहे.

टीव्हीच्या आवाजाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली, त्यांत ऐकू कमी येणे हे एक आहे, मधुमेह आणि उच्च रक्तदाबही त्याच यादीत आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणाची चाचणी करून घ्या. नंतर बी-१२ चा अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी आणि ती कॅप्सूलची बाटली घेऊन वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या.