चिप आपली, किल्ली कुणाची?

प्रश्न : कर्वेनगरला माझं आयकर-जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, सगळे विंडोज 10 वर. दुकानदार म्हणतो, टीपीएम चिपवाली नवी मशीन घ्या, डेटा सुरक्षित राहील. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, तो म्हणतो, मामा, ती चिप म्हणजे कंपनीने तुमच्या टेबलावर आणून बसवलेला हेर. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धंच ऐका. टीपीएम म्हणजे मशीनमधली, गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. ती स्वतःहून फायली वाचत नाही, की कुठे काही पाठवत नाही. रिटर्नवर सही करायला तुम्ही डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन लावता ना, त्याच जातीची ती आहे. किल्ली आत, बाहेर निघत नाही, सांगितलं तेवढं काम करते. फक्त टोकन काम झालं की ड्रॉवरमध्ये जातं, ही मशीनमधून हलत नाही.

मशीन सुरू होताना बायोसपासून (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) पुढे काय काय चढलं, याची नोंद हिच्यात होते. ती नेहमीसारखी जुळली, तरच बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली सुटते. म्हणजे उद्या ऑफिस फोडून कुणी मशीनमधली डिस्क (एसएसडी) काढून नेली, तरी दुसऱ्या मशीनवर पक्षकारांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे उघडणार नाहीत. तुमच्या धंद्यात हा फायदा मोठा. (पासवर्ड मॉनिटरवरच चिकटवलेला असेल, तर चिप बिचारी काय करणार? पेठांतल्या निम्म्या ऑफिसांत मी हेच बघतो.)

आता दुसरी बाजू. जुलैअखेरीस, रिटर्नच्या ऐन गर्दीत, लक्ष्मी रोडवरच्या एका गृहस्थांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. बायोस अपडेट झालं, नोंद जुळेना, आणि निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागायला लागला. "मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं हो!" खरंच होतं ते. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन, म्हणजे हेच डिस्कचं कुलूप, आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्या अकाउंटवर जाऊन बसते. इथे अकाउंट काढलेलं दुकानातल्या पोराने. कुठल्या मेलवर, ते त्याला आठवेना. बॅकअप नव्हता. डेटा गेला. चोरासाठी केलेला बंदोबस्त मालकावर उलटला.

भाच्याच्या शंकेत तथ्य आहे ते वेगळ्या जागी. 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजला अशा चिपची जोड देणारी 'पॅलेडियम' योजना पुढे आणली, तेव्हा केंब्रिजचे संगणक-सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी हीच धास्ती मांडली होती, की मशीनचा ताबा मालकाकडून सॉफ्टवेअरवाल्यांकडे जाईल. कारण ही चिप दुसऱ्याच्या सर्व्हरलाही सही करून सांगू शकते, की या मशीनवर काय काय चढलं आहे. मग समोरचा ठरवणार, तुम्हाला आत घ्यायचं की नाही. मोबाइलवर हा प्रकार आजच चालतो : फोन रूट केलेला (कंपनीची बंधनं काढून टाकलेला) दिसला की बँकेची बरीच ॲप्स उघडतच नाहीत. बँकेचं म्हणणं मला पटतं. पण उद्या प्रत्येक पोर्टल असंच विचारायला लागलं, तर स्वतःच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकणाराही संशयित ठरेल. ते मला अजिबात पसंत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर चिप राहू द्या, किल्ली मात्र हातात घ्या. रिकव्हरी की छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, दुसरी प्रत घरी. अकाउंट स्वतःच्या मेलवर, स्वतः बसून काढा. बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. आणि रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

खरेदीची घाई नको, पण फार रेंगाळूही नका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला, आणि विंडोज 11 ला ही चिप लागते. आधी प्रत्येक मशीनवर 'टीपीएम डॉट एमएससी' (tpm.msc) ही कमांड चालवून चिप आहे का ते बघा. पुष्कळदा चिपची सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलवर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर चारच्या चार मशीन बदलायची गरज बहुधा पडणार नाही. दुकानदार हे आपण होऊन सांगणार नाही.